गुणिले शंभर

गटिंगेन, जर्मनी
नोव्हेंबर २०२५

ती. आई व ती. बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

एका अध्यापकी पगारावर चार माणसांनी परदेशात राहणे, याला नातेवाइकांत 'तिकडे सेटल होणे' म्हणतात. या प्रकारात चिरंजीव संशोधक असतात, सूनबाई पुण्यात आर्किटेक्ट आणि इथे विद्यार्थिनी असतात, पाच वर्षांची नात बालवाडीत जाते आणि सव्वा वर्षाचा नातू कुठेच जात नाही. मिळवता हात एक, खाणारी तोंडे चार.

या जीवनपद्धतीचा मुख्य विकार म्हणजे गुणाकार. एक युरो शंभर रुपयांच्या किंचित वर असल्याने हा गुणाकार कोणालाही तोंडी जमतो. त्याचे रुग्ण दोन प्रकारचे. पुण्यातले रुग्ण पगाराला शंभराने गुणतात, गटिंगेनमधले खर्चाला. गणित दोघांचेही बरोबर असते. पहिल्या महिन्यात चिरंजीवांनी २८ युरो देऊन केस कापून घेतले आणि खुर्चीतून उठता उठता २८०० रुपये असे मनात म्हटले. तेव्हापासून केस घरीच, सूनबाईंच्या हातून कापले जातात. विभागातले विद्यार्थी त्यांना मोठे शास्त्रज्ञ समजू लागले ते त्यानंतरच.

पगाराच्या श्रेणीला इथे 'टीव्हीएल ई-१३' म्हणतात. तिचा टीव्हीशी संबंध नाही. टीव्हीचे वेगळे १८.३६ युरो दरमहा दर घरामागे भरावे लागतात, घरात टीव्ही नसला तरी. पगार साधारण पाच हजार युरो. निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि म्हातारपणची शुश्रूषा असे चार विमे व प्राप्तिकर वजा जाता हातात ३४०० च्या आसपास येतात. मिळवती व्यक्ती एकच असली तर दोन गोष्टी पथ्यावर पडतात : नवरा-बायकोच्या करवर्गांपैकी हलका वर्ग मिळवत्याला घेता येतो, आणि त्याच्याच आरोग्यविम्यात बायको-मुले जास्तीचा हप्ता न भरता बसतात. शिवाय सरकार दर मुलामागे दरमहा २५५ युरो (२०२५चा दर) देते. नात-नातू मिळून ५१० युरो घरात आणतात, म्हणजे घरात मिळवती माणसे खरे तर तीन आहेत. नातीला हे अद्याप सांगितलेले नाही.

नोकरी कराराची असते. २००७च्या कायद्यानुसार विद्यापीठात कराराने राहण्याची मर्यादा डॉक्टरेटपूर्वी सहा वर्षे आणि नंतर सहा वर्षे आहे. मुलांचा सांभाळ करणाऱ्याला दर मुलामागे ती दोन वर्षांनी वाढवता येते. त्यामुळे नातवाच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या तेव्हा त्याने बापाला दोन वर्षांची मुदत अगोदरच देऊन ठेवली होती. मात्र वाढते ती मुदत, नोकरी नव्हे. पगारासाठी प्रकल्पात पैसे असावे लागतात आणि ते मूल जन्मताना घेऊन येत नाही. सबब तिसऱ्याविषयी फोनवर विचारणा होऊ नये.

घर भाड्याने मिळते, पण स्वयंपाकघर त्यात धरलेले असतेच असे नाही. पुष्कळदा आधीचा भाडेकरू ओटा, कपाटे आणि सिंकसुद्धा उचकटून नवीन घरी घेऊन जातो. या कुटुंबाला स्वयंपाकघर म्हणून जी खोली मिळाली तिच्यात एक नळाची तोटी, भिंतीतून डोकावणाऱ्या वायरी आणि आधीच्या कपाटांच्या खुणा एवढेच होते. तीन आठवडे भांडी न्हाणीघरात घासली गेली. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते आणि ती तेवढीच घेतली गेली, म्हणून फर्निचर फुटपाथवरून आणले. नको असलेल्या वस्तू 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून दारात ठेवण्याची इथे चांगली पद्धत आहे. जेवणाचे टेबल असेच मिळाले. दीड किलोमीटर ते डोक्यावर आले. जिन्याच्या वळणावर ते कोणत्या कोनात फिरवावे हे ठरवताना चिरंजीवांची डॉक्टरेट प्रथमच घरच्या उपयोगी पडली.

नवीन पत्ता दोन आठवड्यांत नोंदवावा लागतो. खिडकीमागच्या बाईंनी चारही पासपोर्ट ओळीने मांडले आणि चष्मा पुसला. सूनबाईंच्या नावात चिरंजीवांचे नाव, नातीच्या नावात तेच, नातवाच्याही तेच. घरात सगळ्यांना एकच नाव का, असे त्यांनी विचारले. नवऱ्याचे आणि वडिलांचे नाव मध्ये घालण्याची मराठी रीत समजावून सांगताना मागची रांग दारापर्यंत गेली. मग चिरंजीवांच्या मधल्या नावावर बोट ठेवून 'आणि हे कोण?' असा प्रश्न आला. अशा रीतीने बाबाही गटिंगेनमध्ये नोंदले गेले आहेत. भाडे मात्र देत नाहीत.

पुणे-गटिंगेन वाट तशी जुनी आहे. डेक्कन कॉलेजात १८६६ पासून पंधरा वर्षे संस्कृत शिकवून फ्रान्त्स कीलहॉर्न इथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि १८८५ साली रा. गो. भांडारकरांना याच विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या काळी पुण्याहून आलेल्या विद्वानाला इथे पीठ मिळाले. हल्ली पुण्याहून आलेल्याला पोळीचे पीठ शोधावे लागते. दुकानात ४०५, ५५०, १०५० अशा आकड्यांच्या पिशव्या असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते तो हा आकडा. ४०५ म्हणजे जवळपास मैदा, आणि आकडा चढेल तसा कोंडा वाढतो. जाळून पिठाची प्रत ठरवण्याचा प्रयोग सूनबाईंनी पहिल्याच आठवड्यात तव्यावर केला. आता ५५० आणि १०५० निम्मे निम्मे घेतले की पोळी फुगते.

बाकी शिधा बराच जमतो. 'क्वार्क' नावाचा जिन्नस म्हणजे डबाबंद चक्काच. दसऱ्याला दही टांगावे लागले नाही, साखर-वेलदोडा घोटला की श्रीखंड. शनिवारच्या बाजारात नवलकोल आणि लाल मुळे मिळतात. पाला कापून टाकू का, असे भाजीवाली विचारते आणि बहुतेक गिऱ्हाइके 'हो' म्हणतात. सूनबाई स्वतःचा पाला राखतात आणि टोपलीत पडलेला इतरांचाही मागून घेतात. घरी ससे किती आहेत, असे भाजीवालीने विचारले तेव्हा त्यांनी 'चार' असे सांगितले. गैरसमज दूर करण्याची घाई नाही, कारण पाल्याला गुणिले शंभर केले तरी शून्यच येते.

फोडणी हा वेगळा विषय आहे. झोपायच्या खोल्यांत आणि त्यांच्यापासून दाराकडे जाणाऱ्या बोळात छताला धूरसूचक यंत्र बसवणे इथे सक्तीचे आहे. आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पोह्यांसाठी तेल तापले, मोहरी तडतडली, सुक्या मिरच्या पडल्या, सूनबाईंना ठसका लागला आणि छतातून शिट्टी सुरू झाली. नातू रडू लागला, नातीने कान झाकून दोन्ही खोल्यांत फेऱ्या मारल्या, चिरंजीव स्टुलावर चढून पंचाने यंत्राला वारा घालू लागले. शेगडी बंद केली तरी तिची काच तापलेलीच राहते, तेव्हा कांदा शांतपणे काळा झाला. वरच्या मजल्यावरच्या आजी गाऊनवर कोट चढवून खाली आल्या, त्यांनी वास घेतला आणि कुठे आग लागली असे न विचारता काय शिजते आहे असे विचारले. त्या करपलेले पोहे खाऊन गेल्या. आता कृती ठरलेली आहे : आधी बोळाचे दार लावावे, मग खिडकी उघडावी, अंगात स्वेटर घालावा आणि नंतर मोहरी टाकावी.

रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात. भिंतीत खिळा ठोकू नये, काचेच्या बाटल्या चौकातल्या पिंपात टाकू नयेत. मिक्सरबाबत कायदा मोघम आहे, शेजारी मोघम नाहीत. म्हणून शेंगदाण्याचे कूट शनिवारी होते. रविवारी लोक जंगलात चालायला जातात. हा छंद फुकट असल्याने कुटुंबाने तो मनापासून स्वीकारला आहे.

सूनबाईंच्या भाषावर्गाला ६०० तासिका आहेत, शिवाय देशाचा इतिहास व कायदा यांच्या १००. इंग्रजी जाणणाऱ्या वर्गबंधूंना तीन लिंगे छळतात, मराठी माणसाला तीन लिंगांचे काय? छळतो तो घोटाळा. आपला सूर्य पुरुष, यांचा बाई. आपली सुरी बाई, यांची नपुंसक. 'मुलगी' हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी ऐकून वर्ग हसला, सूनबाई हसल्या नाहीत, कारण ज्या घरात दिवसभर 'हे कार्टं कुठं गेलं' असे चालते तिथे यात नवल नाही. आकड्यांत तर मराठीचा थेट फायदा. जर्मन माणूस पंचविसाला 'पाच आणि वीस' म्हणतो, अगदी आपल्यासारखे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी 'वीस एक' आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. नातीला इथे उलट काही शिकावे लागले नाही.

नातीची बालवाडी फुकट आहे. या प्रांतात २०१८ पासून तीन वर्षांवरील मुलांना दिवसाला आठ तासांपर्यंत शुल्क नाही, जेवणाचे तेवढे वेगळे. पाऊस असो की हिम, मुलांना अंगणात सोडतात. त्यासाठी रबरी चिखलविजार घ्यावी लागते आणि ती संध्याकाळी न्हाणीघरात उभी केली तर उभी राहते. सर्दीबद्दल आईंनी विचारलेला प्रश्न बाईंपर्यंत पोचवला. वाईट हवा नसते, वाईट कपडे असतात, असे उत्तर मिळाले. एक वर्षावरील बालकाला पाळणाघरात जागेचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. नातवाला हक्क मिळाला आहे. जागा मिळाली की कळवण्यात येईल.

हिवाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे असते आणि इथे सव्वाचारला दिवेलागण होते. सबब पुण्यात रात्री नऊ वाजता नातवंडे शुभंकरोती म्हणताना दिसली तर काळजी करू नये.

राहता राहिला दर रविवारच्या फोनवरचा प्रश्न : उरतात किती? भाडे व हीटिंगचे ११५० युरो, शिधा, विजेचे बिल, पास, कपडे, चिखलविजार, दोन वर्षांनी चौघांनी पुण्याला यायच्या तिकिटांची तरतूद. पुण्याच्या फ्लॅटचा ४५ हजारांचा हप्ता साडेचारशे युरोंच्या आत बसतो. सगळ्या जमाखर्चात भागाकार होतो तो एवढ्या एकाच ठिकाणी, आणि त्या दिवशी चिरंजीव प्रसन्न असतात. बरा महिना असेल तर शेवटी दोनशे युरो उरतात. एवढ्या एका रकमेला शंभराने गुणण्यास हरकत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
चिरंजीव