चौदा हजार पावलं

पहाटे पावणेसहाला आमच्या घरात दोघे जण झोपल्याचं सोंग घेऊन पडलेले असतात. एक मी आणि दुसरा वाघ्या. रजईचं वरचं टोक माझ्याकडे, खालचं त्याच्याकडे. गजर होतो. मी एक डोळा किलकिला करून पायथ्याशी बघतो, तर तिकडूनही एक डोळा किलकिला होऊन माझ्याकडे बघत असतो. दोन्ही डोळे ताबडतोब मिटतात. जो आधी हलेल तो हरला.

मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, उठा. कुत्र्याला फिरवून आणायचंय." यातला 'कुत्र्याला' हा शब्द निव्वळ माझी अब्रू राखण्यासाठी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्यालाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत ७.४ हा आकडा आला. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. मी हो म्हणालो. माझ्या 'हो'चा इतिहास बायकोला पाठ आहे. वर्षाचे पैसे भरलेल्या जिममध्ये मी नऊ दिवस गेलो होतो, आणि गिअरच्या सायकलवर सध्या पंचे वाळतात. त्याच पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली भिजून मुटकुळं झालेलं गावठी पिल्लू तिला सापडलं. ते ओढणीत गुंडाळून घरी आणताना ती म्हणाली, "माणसांचं ऐकत नाही ना, निदान मुक्या जनावराचं तरी ऐकाल." बेत उत्तम होता. फक्त जनावराचा स्वभाव तपासून घ्यायचा राहिला.

नाव आईने ठेवलं. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे दारात कुत्रं आलं म्हणजे देवाचंच आलं आणि ते वाघ्याच असणार, यावर चर्चा झाली नाही. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हा वाघ्या नावाला जागतो. कार्तिक सरला की त्याचा माझ्यासारखा होतो.

आता पुण्याची थंडी. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. शिमल्याच्या मापाने मोजल्यावर थंडी भरणारच. त्यात पेपरात शिवाजीनगर आणि पाषाण असे वेगवेगळे आकडे येतात. शिवाजीनगरला ११ आणि पाषाणला ९.८ अशी बातमी आली, की आम्हां पाषाणकरांची मान कानटोपीतसुद्धा ताठ होते. जानेवारी १९३५ मध्ये पुण्याचा पारा १.७ पर्यंत उतरला होता. ही हकीकत आई अशी सांगते, की जणू त्या दिवशी पहाटे तिनेच सडा घातला होता. तिचा जन्म १९४३ चा.

वाघ्याच्या गारठ्याची जबाबदारीही आईनेच अंगावर घेतली. माझा कॉलेजातला मरून स्वेटर तिने उसवला, लोकरीचे गुंडे केले आणि वाघ्याला समोर उभा करून वितीने माप घेतलं. पाठ चार विती, छाती तीन. पंधरा दिवसांत उलट-सुलट टाक्यांचा, पुढच्या पायांना दोन बाह्या आणि पोटाला तीन बटणं असलेला स्वेटर तयार झाला. तो अंगात घालताच वाघ्याचा पुतळा झाला. कान मागे, मान खाली, एक पाय अर्धवट उचललेला. शेपटीसुद्धा थिजली. तीन मिनिटं तो तसाच उभा होता आणि फक्त बुबुळं फिरवून, हे सगळं कुणाच्या परवानगीने चाललंय याचा शोध घेत होता. मला त्याचं दुःख समजलं. १९८६ साली त्याच स्वेटरमध्ये मीही असाच उभा राहायचो.

खरं तर कुत्र्याला घेऊन थंडीत चालण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागे एक कुत्रा लागतो. हिमालयात द्रौपदी आणि चार भाऊ एकेक करून पडतात, शेवटी उरतात युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराज नकार देतो. हे मी एकदा रजईतून बायकोला ऐकवलं. म्हटलं, आमच्यात थोडा फरक आहे. आमचा स्वर्ग या रजईत आहे, आणि कुत्रा तिथे आधीच पोचलाय. त्याला सोडून मी कसा जाऊ? शिवाय कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा एक-दीड अंशाने जास्त असतं. पायाशी वाघ्या असला की गरम पाण्याची पिशवी लागत नाही. हा शास्त्रीय मुद्दा मांडेपर्यंत तिने रजई ओढून घडी घालायला घेतलेली असते.

तर आम्ही बाहेर पडतो. कानटोपी, मफलर, जर्किन. शेजारी मरून स्वेटर. गॅलरीतून बायको बघते आहे तोवर दोघंही छाती काढून चालतो. कोपरा वळला की डाव्या हाताला वेताळ टेकडीचा रस्ता आणि उजव्या हाताला सोसायटीचं मागचं फाटक. पहिल्या दिवशी मी डावीकडे वळलो होतो, हे नमूद करू इच्छितो. वाघ्या बसला. मी पट्टा ओढला, तो आणखी पसरून बसला. उजवीकडे वळलो तर मला ओढत घेऊन गेला.

मागच्या फाटकाशी वॉचमनमामांची शेकोटी असते. नारळाच्या शेंड्या, खोक्यांचे पुठ्ठे, कडुनिंबाची वाळलेली पानं आणि कुणाच्या तरी घरातलं मोडकं पाट-पोळपाट. मामा मराठवाड्याकडचे, बोलायला कमी. त्यांनी पत्र्याचा एक रिकामा डबा उलटा करून माझ्याकडे सरकवला आणि वाघ्यापुढे पार्ले-जीचा पुडा फोडला. वाघ्याने तीन गिरक्या घेतल्या, विस्तवाकडे पाठ केली आणि असा काही सुस्कारा सोडला, की मलाच आयुष्यभर काहीतरी चुकत आलंय असं वाटलं. समोरच्या टपरीवरून कटिंग आला. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. डॉक्टरांनी सांगितला होता तोच पाऊण तास.

हे दोन हिवाळे बिनबोभाट चाललं. स्वेटरला धुराचा वास येतो, असं बायको एकदा म्हणाली. पुण्याची हवा फार बिघडली आहे, असं मी म्हणालो.

घोळ केला तो लेकीने. ती बेंगळुरूला असते. माझ्या वाढदिवसाला तिने पावलं मोजणारा बँड पाठवला, आणि आकडे थेट तिच्या फोनवर दिसतील अशी सोयही करून दिली. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, हे मी तिला समजावून पाहिलं. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारा'. म्हणजे हा आकडा वैद्यांपेक्षा विक्रेत्यांचा. ती म्हणाली, "बाबा, मग सात हजार चाला." पहिल्या दिवशी माझी भरली अकराशे वीस. त्यांत देवघर, संडास आणि फ्रीज सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी शेकोटीपाशी बसलो असताना माझी नजर वाघ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर गेली. बँड त्याच्याभोवती चपखल बसला. वरून स्वेटरची कॉलर ओढली की दिसतही नव्हता. वाघ्या सकाळी आळशी असला, तरी दुपारी ऊन पडलं की गच्चीवर कबुतरांमागे धावतो, आणि बेल वाजली की घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फेऱ्या मारतो. शिवाय त्याला पाय चार. संध्याकाळी आकडा आला चौदा हजार दोनशे बारा. घरच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मेहुण्याने "वयाला लाजवलंत" असं लिहिलं. बायकोने रात्री डिंकाच्या लाडवाचा अर्धा तुकडा न मागता दिला. मनुका आहेत म्हणून त्यातला कण वाघ्याला देता येत नव्हता, याचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं. कमाई त्याची होती.

आठवडा असाच गेला. मग एक दिवस दुपारी लेकीचा फोन आला, आवाज काळजीचा. "बाबा, रात्री पावणेतीनला तुम्ही कुठे होता?"

"झोपलो होतो की."

"त्या वेळी दीड हजार पावलं दिसतायत. काल पण, परवा पण. आईला माहितीये का? तुम्ही झोपेत चालता का?"

वाघ्याला गोचीड झाली होती. रात्री तो मागच्या पायाने मानेशी खसाखसा खाजवतो, आणि बँडच्या लेखी खाजवणं म्हणजे चालणंच. पण हे सांगायचं कसं? मी म्हणालो, लघवीला उठतो. ती म्हणाली, दीड हजार पावलं? मग तिने साखर, मूत्रपिंड, मेंदू असे चढत्या क्रमाने प्रश्न विचारले आणि रात्रीची बस पकडली.

ती पोचली तो चंपाषष्ठीचा दिवस. आई चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं सोडते, ते त्या दिवशी सुटतं. त्यामुळे नैवेद्याच्या भरितात कांदा असा पडतो, की चार महिन्यांची वसुली चालली आहे. भरीत-रोडग्याचा घास कुत्र्याला घालायचा हा रिवाज. आणि कुत्र्यांना कांदा विषासारखा, हे गुरांच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावलेलं. आई ऐकेना. "खंडोबाच्या कुत्र्याला कोणी डॉक्टर विचारला होता का?" शेवटी भाजलेलं वांगं कांद्याआधीच वाटीभर बाजूला काढायचं ठरलं. तळी उचलताना "येळकोट येळकोट" सुरू झालं तसं वाघ्याने तोंड वर करून सूर लावला. आईने डोळे पुसले. घास पुढे केल्यावर त्याने तुपातला रोडगा खाल्ला आणि वांगं बशीच्या कडेला नीट लोटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला रजई लेकीने ओढली. "चला, मी पण येते. बघू तुमचा रोजचा रस्ता." बँड मी रात्रीच वाघ्याच्या गळ्यातून काढून मनगटावर चढवला होता. कोपऱ्यावर वाघ्या उजवीकडे वळला, लेकीने पट्टा डावीकडे ओढला. तो बसला, तिने त्याला सरळ काखेत उचलला. अठरा किलोंचं कुत्रं काखेत घेऊन चाललेली मुलगी आणि मागे मोकळ्या हातांनी धापा टाकणारा बाप असे आम्ही टेकडीला लागलो.

पहिल्या चढावर तिने त्याला खाली ठेवलं. कुठूनसा मोर ओरडला आणि वाघ्याच्या अंगात दोन वर्षांचं साठलेलं आलं. पट्टा माझ्या हातात होता. पुढचा अर्धा तास मी चाललो असं म्हणता येणार नाही. मला नेण्यात आलं. वाळलेल्या गवतातून, गिरिपुष्पांच्या रांगांमधून, एकदा बसून घसरत. माथ्यावर वेताळाच्या देवळापाशी पोचलो तेव्हा कानटोपी खिशात होती, जर्किन कमरेला होतं आणि थंडी नेमकी कुठे गेली ते कळत नव्हतं. लेक म्हणाली, "रोज चौदा हजार चालणाऱ्या माणसाला एवढी धाप?"

"उंचीमुळे," मी म्हणालो. "हवा विरळ असते."

"आठशे मीटरला?"

उतरताना तिने पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, सुटलो. वाघ्याच्या मरून स्वेटरला गवताची कुसळं अशी चिकटली होती, की तो साळिंदरासारखा दिसत होता. ती पायाच्या बोटांत नाहीतर कानात शिरली तर पंचाईत, आधी काढायला हवीत, असं बोलतच आम्ही कोपऱ्यावर आलो. लेकीने एक क्षण पट्टा सैल सोडला.

वाघ्या सुसाट मागच्या फाटकाकडे. आम्ही धावत पोचलो तर त्याच्या तीन गिरक्या झाल्या होत्या, पाठ विस्तवाकडे होती आणि पुढ्यात पार्ले-जीचा फोडलेला पुडा होता. मामांनी मला पाहिलं, बुडाखालची काठी बाजूला ठेवून उलटा डबा पुढे सरकवला आणि दोन हिवाळ्यांतलं त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य बोलले.

"आज लई उशीर केला साहेब, रोज तर सहाच्या आत येऊन बसता."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मनगटाकडे. बँडच्या बक्कलमध्ये पिवळसर केसांचा एक झुपका अडकला होता. तो तिने चिमटीने ओढून काढला, उजेडात धरून पाहिला, वाघ्याच्या मानेशी जुळवला. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते.

"मामा," ती म्हणाली, "अजून एखादा डबा आहे का?"