एमजीबीच्या अंतरंगात कसे शिरावे

प्रस्तुत मार्गदर्शन इंग्लंडात नोकरीनिमित्त गेलेल्या, घराचे हप्ते निम्म्यावर आलेल्या, मुलांनी आपल्याशी बोलणे आटोपते घेतलेल्या आणि त्यामुळे एकाएकी जुनी स्पोर्ट्स कार घेऊन बसलेल्या मराठी गृहस्थांसाठी आहे. ही गाडी बहुधा एमजीबी असते. 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. तेव्हा ज्याला जग्वार परवडत नाही आणि साध्या गाडीत जीव रमत नाही, त्याच्या पदरी हीच पडते. इंजिन मेकॅनिककडे जाते, पत्रा पत्रेवाल्याकडे. आतले काम मात्र मालकाने स्वतः करायचे असा संकेत आहे, कारण ते बसून करता येते.

आरंभीच एक सूचना. भारतातल्या नातेवाइकांना गाडीचे नाव सांगू नये. एमजी म्हटले की 2019 साली आलेली हेक्टर एवढेच त्यांना ठाऊक असते, आणि "मग आमच्या इथल्या शोरूममध्ये विचारतो की पार्ट!" असे म्हणून भाचा खरोखरच विचारून येतो. तिथल्या मुलाचा यात काही दोष नाही. 1964 च्या चामडी सीटची पायपिंग हा विषय त्याच्या प्रशिक्षणात नव्हता.

आता मूळ मुद्दा. दुर्मीळ गाडीवाला भाग मिळत नाही म्हणून रडतो. एमजीबीवाल्याचे रडणे उलटे असते: सगळे मिळते. सीटची कव्हरे, आतला फोम, फोमखालचा रबरी पडदा, तो अडकवायच्या क्लिपा, कार्पेट, दाराची पॅनेले, हातभर लांबीची काळी पट्टी, सगळे. सीटच्या रुळांखाली लाकडाच्या साध्या पट्ट्या असतात, त्यासुद्धा कॅटलॉगात भाग क्रमांकासह विकायला आहेत. सफोकमधल्या लीस्टन गावी न्यूटन कमर्शियल नावाची कंपनी आतल्या ट्रिमचेच काम करते. ब्रिटिश मोटर हेरिटेज तर 1988 पासून एमजीबीचा अख्खा सांगाडा नव्याने ठोकून देते. म्हणजे खिशात पुरेसे पौंड असतील तर गाडी नसतानाही गाडी तयार होऊ शकते. अडचण एवढीच की हे सर्व भाग कुणाच्या ना कुणाच्या एमजीबीला चपखल बसतात, आणि ती एमजीबी तुमची नसते.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी गाडीची पत्रिका मागवावी. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्यूझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. शुल्क भरले की तिथून हेरिटेज सर्टिफिकेट येते. गाडी कधी बांधली, कुठे पाठवली, बाहेरचा रंग कोणता, आत कोणता, हे त्यात असते. आपली लाल गाडी जन्मतः फिकट निळी होती हे बहुतेकांना या कागदावरूनच कळते. घरात हा कागद मोठ्याने वाचू नये.

त्यानंतर चासी क्रमांक. जीएचएन ही तीन अक्षरे असतील तर उघडी गाडी, जीएचडी असेल तर छपराची जीटी. पुढचा आकडा 3, 4 किंवा 5, आणि तुमचे पुढचे सगळे आयुष्य या आकड्यावर अवलंबून आहे. कारण ॲबिंग्डनच्या मंडळींनी या गाडीचे बाह्य रूप वर्षानुवर्षे फारसे बदलले नाही, पण आत सतत हात घातला. सुरुवातीच्या गाड्यांना चामड्याच्या सीटा आणि कडेने वेगळ्या रंगाची पायपिंग. मग रेक्झिनच्या घराण्यातले काळे कापड. शेवटी 1977 च्या सुमारास इंग्लंडच्या गाड्यांना पट्ट्यापट्ट्यांचे कापड आले, समुद्रकिनाऱ्यावरच्या आरामखुर्चीवर असते तसे, आणि त्याला लोक आजही डेकचेअर सीट म्हणतात. माझे मत विचाराल तर या सीटा कुरूप आहेत. पण गाडी त्या सालातली असेल तर त्याच घालाव्यात. आपल्या सालाची कुरूपता दुसऱ्याच्या सालाच्या सौंदर्यापेक्षा जास्त भावाने विकली जाते.

डॅशबोर्डच्या बाबतीत दोन पंथ आहेत. इंग्लंडच्या गाड्यांना बरीच वर्षे पत्र्याचा डॅश, त्यावर काळा सुरकुतलेला रंग. अमेरिकेत 1968 पासून सुरक्षेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा तिकडच्या गाड्यांना आदळले तरी डोके फुटू नये म्हणून जाड फुगीर डॅश बसवला गेला. हौशी लोक त्याला ॲबिंग्डन पिलो म्हणतात. तो सुरुवातीला आला तेव्हा त्यात ग्लोव्हबॉक्स नव्हता. डोके वाचले, हातमोजे उघड्यावर पडले. बहुतेक एमजीबी अमेरिकेतच गेल्यामुळे कॅलिफोर्नियातून सुटे भाग आणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तिकडच्या कोरड्या हवेत गाडीचा तळ शाबूत राहतो आणि उन्हाने डॅश तडकतो. इंग्लंडात डॅश उत्तम राहतो, फक्त खालचा तळ गंजून जातो. दोन्हींतले चांगले घेऊन एक गाडी करावी ही कल्पना चहा पिताना फार छान वाटते. पण तिकडचे स्टीअरिंग डावीकडे, त्यामुळे डॅशही उलटा.

काट्यांकडे वळू. 1967 च्या अखेरीपर्यंत एमजीबीची विजेची जोडणी पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले. नंतर ती उलटली. वेगाचा काटा केबलवर चालतो, त्याला याचे सुखदुःख नाही. पण इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर, विजेवर चालतो आणि चुकीच्या अर्थची गाडी त्याला चालत नाही. बाजारात दोन्ही एकसारखे दिसतात. विक्रेत्याला विचारल्यास तो "वर्किंग ऑर्डर" असे म्हणतो, जे कोणत्या तरी गाडीत खरे असतेच. तबकडीवर काय छापले आहे ते चष्मा लावून वाचावे. पावसात वाचू नये, चष्मा ओला होतो आणि निर्णयही.

पाऊस आला कारण आपण आता ब्यूलीला पोचलो आहोत. हॅम्पशरमधल्या या गावी 1967 पासून सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय ऑटोजंबल भरते. मैदानभर टेबले, टेबलांवर आणि टेबलांखाली जुन्या गाड्यांची हाडे. पुण्याच्या जुन्या बाजारात ज्याने बुधवार-रविवार घालवले आहेत त्याला इथे वेगळे शिकवायला नको. तरी काही पथ्ये. हवी ती वस्तू दिसली की तिच्याकडे पाहू नये. शेजारच्या गंजक्या पंपाची चौकशी करावी. किंमत ऐकल्यावर "बापरे" मराठीत म्हणावे. भाषा कळत नसली तरी सूर पोचतो. आणि "लास्ट प्राइस किती?" हे वाक्य इंग्लंडातही चालते, फक्त आधी हवामानाबद्दल दोन मिनिटे बोलावे लागते.

पुढचा मोह भारतातूनच येतो. "सीट कव्हर तिकडे कशाला शिवतोस? नाना पेठेत दाखवतो, निम्म्यात होईल." हे खरे आहे. नाना पेठेतला कुशनवाला जुने कव्हर उसवून त्याचे तुकडे कागदावर आखून घेतो आणि बरोबर कापतो, हात अव्वल असतो. पण त्याला सुधारणा केल्याशिवाय राहवत नाही. "साहेब, पायपिंग जरा जाड घेऊ का? भारी दिसेल." नाही म्हटले तर, "बरं, पाठीवर एमजीचा लोगो भरून देतो, त्याचे पैसे नको." गाडीत आधीच अष्टकोनी चिन्हे पुष्कळ आहेत, असे समजावून सांगावे. मग तेवीस किलोच्या बॅगेत चकली आणि भाकरवडीच्या मधे दोन सीटांचे चामडे घडी न पाडता आणणे हा स्वतंत्र विषय आहे. आईने दिलेले लोणचे त्याच बॅगेत ठेवू नये. चामडे बदलता येते, आईला तोंड दाखवावे लागते.

आता प्रत्यक्ष काम. जुनी सीट काढताना बोल्ट हलणार नाहीत. आदल्या रात्री तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे, पान्हा नीट बसवून हळूहळू जोर द्यावा आणि काही तुटले तर शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलावे. सीट उलटी केली की रबरी पडदा फाटलेला दिसेल. त्याच्या कडेला तीन पेनीचे बाराकोनी पितळी नाणे सापडण्याचा संभव आहे. 1971 मध्ये चलन दशमान झाल्यावर ते व्यवहारातून गेले. हे नाणे सापडले तर सीट तेव्हापासून कोणी उघडलेली नाही. अशा वेळी तिची प्रत्येक क्लिप, प्रत्येक फाटका तुकडा जपून ठेवावा, टाकू नये. कॅटलॉगातली नवी क्लिप जुनीपेक्षा एक केसभर छोटी असते, आणि कोणती क्लिप बरोबर हे फक्त जुनी सांगू शकते. सीट हॉलमध्ये ठेवावी लागते, कारण गॅरेज थंड असते आणि थंड चामडे ताणले जात नाही. "अहो, हे दिवाळीपर्यंत हलणार आहे का?" असा प्रश्न येईल. कोणती दिवाळी, हे विचारू नये.

डॅशचा सुरकुतलेला रंग हे सर्वांत अवघड काम. रंग जाड थरांत, वेगवेगळ्या दिशांनी मारून लगेच ऊब द्यावी लागते, तरच सुरकुत्या सारख्या पडतात. ऊब कमी पडली की एका बाजूला सुरकुत्या, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत गाल. स्वयंपाकघरातली भट्टी वापरावी असे पुष्कळ जण सुचवतात. डॅश तिच्यात बसत नाही. दोन्ही टोकांनी बाहेर राहतो. हे मोजपट्टीने आधीच पाहावे. बाईसाहेब बाहेर गेल्या असताना भट्टीचे दार काढून पाहू नये. हेअर ड्रायर चालतो, पण तो परत जागेवर ठेवण्याआधी त्याचा वास घ्यावा.

कार्पेट सोपे आहे. गोंद खिडकी उघडी ठेवून लावावा, बस्स.

शेवटी दाराच्या कडेची रबरपट्टी. नवी पट्टी जुनीपेक्षा जाड असते आणि ती बसवल्यावर दार सहजासहजी लागत नाही. कॅटलॉगात याला "थोडी बसू द्यावी लागेल" असे म्हटलेले असते. दार आपटून आपटून पट्टी दबायला काही आठवडे जातात. उघडी गाडी असेल तर तोवर एकदा लागलेले दार बंदच ठेवावे आणि वरून पाय टाकून आत बसावे, गुडघे साथ देत असतील तर. जीटी असेल तर मागचे झाकण उघडून, बॅटऱ्यांच्या वरून, आडवे होऊन पुढे सरकावे. त्यासाठी नवे कार्पेट आधी वाळलेले असणे आवश्यक आहे.