युनिटराव

हिरव्या पाटीवर पांढरा नंबर असलेली मोटार खाली उभी आणि गच्चीवर दक्षिणेकडे कललेली सहा काळी पॅनेलं, अशा घराचा मालक पुण्याच्या उपनगरांत, नाशकात, सांगलीत आता गल्लीआड एक सापडतो. त्याला आपण युनिटराव म्हणू. शेजाऱ्यांच्या मते तो पर्यावरणप्रेमी आहे आणि मेहुण्याच्या मते त्याच्याकडे पैसे जास्त झालेत. दोघांचंही निदान चुकलं आहे. पर्यावरणावर युनिटराव पाहुण्यांसमोर बोलतो, तेही दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला तो ‘किलोमीटरला किती पडतं’ यावर येतो आणि पानं वाढली जाईपर्यंत तिथून हलत नाही. खरं म्हणजे हा जुनाच माणूस आहे. पहाटे नळाची सूंसूं ऐकून घागरी लावणारा, नवा सिलिंडर जोडला की कालनिर्णयावर तारीख टिपणारा, स्कूटरचं ॲव्हरेज काढायला टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरणारा जो मराठी गृहस्थ होता, तो मधल्या सुबत्तेत पेंगुळला होता. सिलिंडर दुसरा मिळाला, पाण्याला टँकर आला आणि पेट्रोलपंप तर हाकेच्या अंतरावर होताच. विजेच्या गाडीने त्याला गदागदा हलवून जागं केलं. नव्या यंत्रामुळे नवा माणूस घडतो म्हणणाऱ्यांनी युनिटरावाची वही आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीशेजारी ठेवून पाहावी. फरक फक्त शाईचा आहे, आणि हल्ली शाई नसून मोबाइल असतो एवढंच.

गच्चीपासून सुरुवात करू, कारण जमेची बाजू तिथे आहे. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं देतं. म्हणजे तीन किलोवॉटची बाराच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, पहिल्या दोन किलोवॉटना तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा असं ७८,००० रुपयांचं अनुदान ठरलं, आणि युनिटरावाला सूर्य पहिल्यांदा नीट दिसला. तोवर गच्चीवरचं ऊन हे पापड, सांडगे आणि मिरच्यांच्या मालकीचं होतं. आता त्याला मोजमाप आलं. पॅनेलं एका माळेत जोडलेली असल्याने एकाच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी माळेचं उत्पादन घसरू शकतं, त्यामुळे दोरीवरचं नऊवारी पातळ, शेजारच्यांचा नारळ आणि स्वतःचीच पाण्याची टाकी हे त्याचे वैरी ठरले. कबुतरांविषयी तर तो जे बोलतो ते छापता येणार नाही. मे महिन्यात ऊन एवढं कडक, तर वीज बदाबदा पडली पाहिजे, अशी त्याची पहिल्या वर्षी समजूत असते. पण पॅनेल तापलं की त्याची कार्यक्षमता घटते, आणि वैशाखवणव्यातल्या दुपारी ते फाल्गुनातल्या स्वच्छ, बेताच्या उन्हापेक्षा कमी देताना दिसतं. हे कळल्यावर युनिटराव काही दिवस निसर्गावर रुसतो. मग सकाळी सहाला बादली आणि लांब दांड्याचा मॉप घेऊन वर जातो. घरातली फरशी त्याने आयुष्यात कधी पुसलेली नसते.

त्याच्या वृत्तीचा सबळ पुरावा मात्र मार्च महिन्यात मिळतो. नेट मीटरच्या पद्धतीत दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते, रात्री वापरलेली त्यातून वजा होते आणि उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात. पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि तोवर न वापरलेल्या युनिटांचे पैसे आपण विकत घेतो त्या दराच्या मानाने फारच किरकोळ मिळतात. वर्षभर पंख्याच्या बटणावरून बायकोमुलांना बोलणारा हा माणूस मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात अचानक उदार होतो. एसी लावा म्हणतो, गिझर चालू राहू द्या म्हणतो, मेहुण्याला फोन करून ‘गाडी घेऊन अलिबागला जायचं का’ असंही विचारतो. सरकारी खात्यांच्या मार्चअखेरच्या खर्चाला आयुष्यभर नावं ठेवलेल्या गृहस्थाने घरातच अनुदान संपवण्याची मोहीम काढावी, यातली गंमत त्याच्या लक्षात येत नाही. पर्यावरणप्रेमी माणसाला जास्तीची वीज दुसऱ्या कुणाच्या दिव्याला गेली याचं समाधान वाटलं असतं. युनिटरावाला ती घागर भरून वाहिल्यासारखी वाटते.

इथे कुणी म्हणेल, हिशेबी का असेना, पण माणूस स्वावलंबी तर झाला. तेवढं एक सोडून बाकी सगळं तो झाला आहे. वीजबिलावर स्थिर आकार तसाच असतो, आणि शून्य युनिटांचं बिलही शून्य रुपयांचं नसतं. शिवाय घरोघरी बसवलेली बहुतेक यंत्रणा ग्रिडला बांधलेली असते: बाहेरची लाइन गेली की घरचा सोलर इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनला कुणाच्या तरी गच्चीवरून झटका बसता कामा नये. नियम रास्त आहे. पण भर बाराला, माथ्यावर सूर्य आणि डोक्यावर तीन किलोवॉट असताना, अंधाऱ्या जिन्यात वर्तमानपत्राने वारा घेत बसलेला युनिटराव हे दृश्य ज्याने पाहिलं असेल तो त्याला स्वावलंबी म्हणणार नाही. शेजारचे लोक लाइट गेली की झोपतात. हा मिनिटं मोजतो. पंधरा मिनिटं गेली, पाऊण युनिट बुडालं.

खर्चाची बाजू म्हणजे गाडी. जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन विजेवर आली तेव्हा तिच्या बॅटरीत ३०.२ युनिटं मावत आणि चाचणीतलं अंतर ३१२ किलोमीटर होतं. चाचणीतलं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर यांचं नातं पत्रिकेतले गुण आणि प्रत्यक्ष संसार यांच्यासारखं असतं, हे कोणत्याही कंपनीच्या गाडीबद्दल खरं आहे. पेट्रोलचा काटा ढोबळ होता. तो ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचा. बॅटरीने टक्का आणला आणि मराठी माणसाला टक्का दिला की तो परीक्षेला बसतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. दीड टनाची गाडी एवढी उचलायला शाळेतल्या सूत्राने सव्वादोन युनिटं लागतात, आणि रस्ता कापायची वीज वेगळी. घाटाखाली चाळीस टक्के दाखवणारी बॅटरी वर विशीत येते, आणि त्याबरोबर युनिटरावाचं बोलणंही कमी होत जातं. एसी बंद होतो. काचा किती उघडायच्या यावरही मत असतं, कारण वाऱ्याचा अडथळा. परतीला उतारावर ब्रेक लावताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि गेलेल्या विजेतली बरीचशी बॅटरीत परत येते. असा घाट उतरताना युनिटरावाचा चेहरा पाहावा. बुडालेली उधारी परत मिळाल्याचं तेज असतं. पेट्रोलच्या गाडीतही हेच चढउतार होते, हेच पदार्थविज्ञान होतं. पण घाटात सांडलेलं कुणी परत देत नव्हतं म्हणून कुणी मागतही नव्हतं.

घराबाहेर चार्ज करण्याची वेळ आली की या माणसाच्या स्वभावाला खरं मैदान मिळतं. त्याच्या मोबाइलमध्ये निरनिराळ्या कंपन्यांची आठ ॲप असतात आणि प्रत्येकीच्या वॉलेटमध्ये शंभर-दोनशे रुपये अडकलेले. त्यांची बेरीज त्याला पाठ असते आणि रात्री झोप लागत नसली की तो ती करतो. महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या आसपास पडतात, वर अठरा टक्के जीएसटी. गाडी घेताना कर पाच टक्के आणि तिला खाऊ घालताना अठरा, यावर तो सलग अर्धा तास बोलू शकतो, आणि श्रोता आयता समोर उभा असतो: त्याच चार्जिंग गनची वाट पाहणारा दुसरा युनिटराव. एका गनचा पडदा काळा, दुसरीला चार्ज पूर्ण होऊनही मालक मिसळ खायला गेलेला, तिसरी चालू आहे पण ॲप म्हणतं ती अस्तित्वातच नाही. पेट्रोलपंपावर दोन माणसं कधी बोलली नाहीत. तिथे बोलायला वेळच नव्हता. इथे चाळीस मिनिटांत आडनाव, गाव, सॉफ्टवेअर अपडेट, मुलीचं शिक्षण आणि सोलर बसवणाऱ्याने किती लावले इथवर सगळं होतं. सार्वजनिक नळावरचं राजकारण गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी साताऱ्याच्या अलीकडचा एखादा चार्जर गाठावा. तोच हंडा पुढे सरकवणं, तेच ‘मी फक्त दहा मिनिटं’, तोच गेलेल्या माणसाच्या पाठीमागे होणारा उद्धार. आणि रांगेची वेळ येऊ नये म्हणून युनिटरावाने नात्यागोत्याचीही नव्याने मोजदाद केलेली असते. ज्यांच्याकडे पार्किंगजवळ १५ अँपिअरचं सॉकेट आणि चांगलं अर्थिंग आहे ते जवळचे. कऱ्हाडच्या आत्याबाई, ज्यांच्याकडे तो बारा वर्षं फिरकला नव्हता, त्यांना हल्ली दर दिवाळीला भाचा भेटतो. मुक्काम करतो. रात्रभर प्लग लावून. निघताना विजेचे म्हणून दोनशे रुपये ठेवतो, ते आत्याबाई परत करतात, आणि त्यांनी परत करावेत हे हिशेबात आधीच धरलेलं असतं.

आता मेहुण्याच्या आक्षेपाकडे. पंधरा लाखांची गाडी घेऊन किलोमीटरला साडेपाच रुपये वाचवणारा माणूस हिशेबी कसा? आक्षेप वजनदार आहे. पेट्रोल शंभरीच्या पुढे आणि लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर किलोमीटरला सातेक रुपये पडतात. घरच्या विजेवर सात किलोमीटरला एक युनिट, म्हणजे दीड रुपया, आणि सोलर असेल तर त्याहून कमी. पण तशाच पेट्रोल गाडीपेक्षा चार लाख जास्त मोजले असतील तर ते सुटायला सत्तर हजारांहून अधिक किलोमीटर धावावं लागेल. वर्षाला बारा हजार फिरणाऱ्याला सहा वर्षं. युनिटरावाला हे ठाऊक आहे, आणि त्यावर त्याने काढलेला उपाय अस्सल आहे: तो जास्त फिरतो. पूर्वी कोपऱ्यावर चालत जाऊन आणायची कोथिंबीर आता तो मार्केट यार्डातून आणतो, कारण जितकं फिरू तितकी बचत. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली तेव्हापासून तर त्याला नागपूर जवळ वाटू लागलं आहे. तिथे त्याचं कुणीही नाही. हा हिशेब चुकीचा असेल, पण हिशेबी माणूस अचूक असतो असं कुणी म्हटलं? साखर दोन रुपयांनी स्वस्त म्हणून रिक्षा करून लांबच्या दुकानात जाणारी मंडळी याच घराण्यातली.

दुसरा आक्षेप कोळशाचा, आणि तो मुंबईतला कुणीतरी भाचा करतो. देशातल्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश कोळशाची. युनिटराव दिवसा कचेरीत आणि गाडी रात्री लागते, म्हणजे गच्चीवरचं ऊन तिच्या पोटात जातच नाही, जाते ती चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्राची किंवा फार तर कोयनेची वीज. हे अगदी बरोबर आहे, आणि युनिटरावही मनातून ते मानतो. एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर किलोमीटरला शंभरेक ग्रॅम होतात. पेट्रोलच्या गाडीचे दीडशेच्या घरात. फरक आहे, पण पोवाडा रचण्याएवढा नाही, शिवाय बॅटरी बनवतानाचं कार्बनचं कर्ज गाडी जन्मतःच घेऊन येते. म्हणून तर त्याला पर्यावरणप्रेमी म्हणू नये असं सुरुवातीला म्हटलं. मात्र जिथे प्रेमाने काम झालं नाही तिथे कंजुषीने होताना दिसतं. जुलै २०२५ पासून वापराच्या वेळेनुसार दर लावणारे नवे टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातल्या विजेवर युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळू लागली, आणि लगेच अशा घरांत धुण्याचं यंत्र, इस्त्री आणि रविवारची गाडी दुपारवर ढकलली गेली. उन्हाच्या वेळी वीज वापरा हे सांगायला भाषणं पुरी पडली नव्हती. रुपयाने ते एका बिलात साधलं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या युनिटरावाची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती बरीचशी एनओसीत अडकलेली असते. गच्ची सोसायटीची, मीटरची खोली सोसायटीची आणि चार्जरमुळे इमारतीला आग लागेल हे मत सेक्रेटरींचं. सोसायट्यांच्या सामायिक सोलरलाही किलोवॉटमागे अठरा हजारांचं अनुदान आहे हा कागद तो प्रत्येक सभेत वाचून दाखवतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो. त्याचा हिशेब तरीही थांबत नाही. मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल किती फूट, हे त्याला झोपेतून उठवून विचारा.

ही जात टिकेल असं मात्र दिसत नाही. नव्या गाड्यांत ७९ युनिटांची बॅटरीही मिळते, चार्जर वाढत चालले आहेत, आणि ज्यांना टक्के बघावे लागत नाहीत अशी पिढी चाकावर बसली आहे. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी वीज हळूहळू घेते, म्हणून तिथे गन सोडून मागच्याला जागा द्यावी, हा युनिटरावाच्या पंथाचा शिष्टाचार. महामार्गावर एखाद्या रात्री एकुलत्या एक चालू गनवर अशी मोठी गाडी उभी असते, ९१ टक्के, आत एसी लावून चोविशीतला मुलगा गाढ झोपलेला. मागे अकरा टक्क्यांवर युनिटराव. त्याला घाई नसते. त्याचा जीव पडद्यावर सरकणाऱ्या रुपयांकडे बघून कासावीस होतो. शेवटी तो काचेवर टकटक करतो, आणि काच खाली आल्यावर अगदी कळवळून म्हणतो, ‘अरे बाळा, हे वरचे नऊ टक्के घरी नाही का भरता येणार?’