श्रेयांकांचे वहनशास्त्र : दोन जिल्ह्यांपुरता प्रबंध

श्रेयांक, म्हणजे पोरांच्या भाषेत क्रेडिट, हा पदार्थ तासांपासून बनतो, यावर विद्वानांत दुमत नाही. वर्गात 15 तास बसले की एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला 30 तास लागतात. (बसणारा जागा असावा की कसे, यावर नियम मौन पाळतात.)

वहनाचे प्रकार दोन. एकात विद्यार्थी हलतो, दुसऱ्यात विद्यापीठ. दुसऱ्याचे अभिजात उदाहरण 2011 चे. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजे नागपूर विद्यापीठातून बाहेर पडली. बाक मात्र तसूभरही सरकले नाहीत. तेव्हापासून चंद्रपुरात बी.ए. झालेला पोरगा एम.ए.ला नागपूर विद्यापीठात निघाला की मायग्रेशन सर्टिफिकेट आणावे लागते. एसटी ते मागत नाही, हे तिचे मोठेपण.

2021 मध्ये यूजीसीने क्रेडिटांची बँकच काढली. ठेव साधारण सात वर्षे टिकते, व्याज शून्य. शिवाय निम्मी क्रेडिटे पदवी देणाऱ्या संस्थेतच कमवावी लागतात. पण खरी अडचण खाते उघडतानाच येते. मार्कशीटवर मडावी 'व्ही'ने, आधारवर 'डब्ल्यू'ने. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे इसम. मग आधार केंद्राची रांग, ओटीपी, आणि रेंज शोधत गावाबाहेरच्या टेकाडावर उभा असलेला अर्जदार. तो रेंजमध्ये येईस्तोवर ओटीपीची मुदत संपते.

येथे वहनाच्या तुलनेसाठी सागवानाचा पुरावा विचारात घ्यावा. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले. डेपोतल्या ओंडक्याची लांबी आणि गोलाई मोजतात, हातोड्याने शिक्का ठोकतात, टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, फाडतात, की ट्रक सुटला. बल्लारपूरचा घनमीटर अयोध्येतही घनमीटरच भरतो. तिकडे ओंडक्याला कुणी विचारले नाही, की तुझ्या चौथ्या सेमिस्टरचा सिलॅबस आमच्याशी जुळतो का.

क्रेडिटाला मात्र विचारतात. पेपरचे नाव तेच, युनिटे तीच, पण तिसरे युनिट दुसऱ्या विद्यापीठात पाचव्या सेमिस्टरला. झाले, प्रकरण समकक्षता समितीकडे. समितीची बैठक कधी, हे विचारणारा टेबलापुढे उभा, आणि बाबू फाइलीची दोरी सोडता सोडता म्हणतो, 'साहेब दौऱ्यावर हायेत.'

एक प्रश्न पुढील संशोधकांवर सोपवतो. चार क्रेडिटांच्या पेपराची दोनच मंजूर झाली, तर उरलेली दोन जातात कुठे? आरागिरणीतला भुसा निदान कुणीतरी पोत्यात भरून नेतो.