‘३ एचपी’चे स्टिकर डकवणाऱ्या महाशयांना खुले पत्र



सर्वप्रथम अभिनंदन. ७४६ वॉट म्हणजे एक अश्वशक्ती (एचपी), हा हिशेब आजवर सगळ्यांनी मुकाट्याने मानला. तुम्ही नावेच्या १००० वॉटच्या विजेच्या मोटरीवर ‘३ एचपी समतुल्य’ असे स्टिकर डकवून तो एका झटक्यात निकालात काढलात. वरचे दीड-पावणेदोन घोडे कोणत्या तबेल्यातून आणलेत तेवढे कळवा; वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचे नावाडी तुमचे पाय धरतील.

थापेतही हुशारी आहे, हे मान्य. सावकाश फिरणारा मोठा पंखा हलक्या नावेला छोट्या, भरधाव पंख्यापेक्षा चांगला रेटा देतो. त्यामुळे कमी वॉटची विजेची मोटर कधीकधी जास्त एचपीच्या पेट्रोल मोटरीची बरोबरी करते. पण ही सगळी करामत पंख्याची! आणि तुमचा डबा उघडला की आत निघतो तळहाताएवढा प्लास्टिकचा पंखा. नाव मोठ्या पंख्याचे सांगायचे आणि माल छोट्याचा द्यायचा, याला धंद्याची अक्कलच लागते.

आता जरा आमच्या पाण्याकडे या. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वैनगंगा वाहते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. तिकडे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती भेटतात. या नद्यांत आणि गावोगावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत चालतात ते डोंगे आणि फळ्यांच्या नावा. त्या पाणी कापत जातात, स्पीडबोटीसारख्या पाण्यावर उचलल्या जात नाहीत. अशा १६ फुटी नावेची मर्यादा ताशी १० किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे रेटायला गेलात तर नाक वर, बूड खाली, आणि बॅटरीतली वीज नुसत्या लाटा उठवण्यात खलास. त्या मर्यादेच्या आतही वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते. म्हणजेच वेग निम्मा केला की तीच बॅटरी सुमारे चौपट अंतर नेते. हे वाक्य तुमच्या माहितीपत्रकात कुठेच सापडत नाही. जागा पुरली नसावी, कारण ‘जास्तीत जास्त वेग’ फार मोठ्या अक्षरांत छापला आहे.

पंख्याला व्यास असतो तसा पिचही असतो, हे तुमच्या कानावर आले असेलच. पाणी घट्ट असते तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकला असता, तो पिच. ६ इंच पिच आणि मिनिटाला १२०० फेरे म्हणजे कागदावर ताशी ११ किलोमीटर. पाणी निसटते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. माणसे आणि पोती भरलेल्या नावेला जास्त पिचचा पंखा लावला की मोटरीचे फेरेच भरत नाहीत, अँपिअर चढतात, वायर हाताला चटका देते आणि आवरण वितळल्याचा वास येतो. उलट रिकाम्या डोंग्याला कमी पिचचा पंखा लावला की मोटर किंचाळते आणि डोंगा आरामात चालतो. दोन्ही दुखण्यांवर तुमचे औषध एकच: ‘मोठी मोटर घ्या.’

घेऊ की! ३ किलोवॉटच्या मोटरीला १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या लागतील. एकेक ३० किलोच्या आसपास, म्हणजे दोन धडधाकट माणसांचे वजन नावेच्या मागच्या टोकाला. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे पूर्ण जोरावर पाऊण तासाची चैन. आणि नावेच्या काठापासून पाणी चार बोटांवर.

ही चार बोटे थट्टेचा विषय नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यांतल्या काही परतल्या नाहीत. कामासाठी रोज नदी ओलांडणाऱ्यांच्या नावेत वजन वाढवण्याचा सल्ला दुकानात बसून देऊ नका.

खरा क्रम कसा असतो तेही पाहा. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडवू या फेरीवर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौर बोट ७५ प्रवासी नेते. तिथे हलका, दोन अरुंद सांगाड्यांचा आकार आधी ठरला. वीस-वीस किलोवॉटच्या दोन मोटरी त्या बेताने बसवल्या. तुमच्याकडे आधी मोटर विकली जाते, मग तिच्यासाठी नाव शोधली जाते.

तेव्हा पुढच्या डब्यावर ‘समतुल्य’ पुसून एवढे छापा: खरे वॉट, व्होल्ट, पंख्याचा व्यास आणि पिच, किती वजनाच्या नावेसाठी, आणि चालत्या नावेत किती रेटा. खांबाला बांधलेल्या नावेत मोजलेला रेटा दाखवून आम्हाला भुलवू नका. आम्हाला पैलतीराला जायचे असते.

आणि नावाडी बंधूंनो, मच्छीमार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनो, मोटर बघण्याआधी नावेची लांबी आणि भरलेले वजन कागदावर लिहून न्या. पंखा वेगळा मिळतो का, जलपर्णी गुंडाळली किंवा खडकाला लागून पाते तुटले तर बदलता येतो का, हे विचारा. विक्रेत्याला या प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत तर पैसे खिशातच ठेवा आणि बांबूने नाव हाका.