विसार दिल्यानंतरचा सल्ला
रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरमालक घराचे बाह्यरूप सुधारण्यासाठी जो सल्ला मागतो, तो बहुधा ठेकेदाराला विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिल्यानंतरच मागितलेला असतो. जांभा, म्हणजे लोहयुक्त, सच्छिद्र आणि खाणीतून काढल्यावर उघड्या हवेत अधिक कठीण होणारा तांबडा दगड, हा तेथील भिंतींचा मूळ घटक होय. त्याचे चिरे गिलाव्याखाली झाकणे, त्यावर रंग देणे आणि कालांतराने त्या रंगावर जांभ्यासारख्याच दिसणाऱ्या टाइल्स चिकटवणे, हा सारा व्याप ‘एलिव्हेशन’, अर्थात दर्शनी भागाची शोभा, या सदराखाली खर्ची पडतो. अंगणाची कथा याहून उद्बोधक आहे: जेथे वर्षाला 3,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे पेव्हर ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे साच्यात ओतलेले ठोकळे, काँक्रीटच्या थरावर इतके घट्ट बसवले जातात की पाणी जमिनीत न मुरता थेट पडवीत शिरते, आणि मग गवंडी, वास्तुतज्ज्ञ व मुंबईकर मेहुणा (ज्याचे स्वतःचे अंगण म्हणजे बाल्कनीतील दोन कुंड्या) यांचे मत नव्याने घेतले जाते. तिघांचे एकमत होते ते फक्त परसातला फणस तोडण्यावर.