बिनकुलपाचं बॉनेट

शनिवारी तेल आणि लोखंड विकत घेऊ नये, असं आमच्याकडं सांगतात. ज्याच्या दारात जुनी डिझेल गाडी उभी आहे त्यानं हा नियम पाळायचा म्हणजे शनिवारी काहीच करायला नको, कारण त्या गाडीत लोखंड आणि तेल सोडून तिसरं फारसं काही नसतं. (दारात हा शब्द सवयीनं आला. शिंगणापुरात तो जरा जपून वापरावा लागतो.) त्यात शनीच्या वाटेवर गाडी बंद पडायची ती शनिवारीच, कारण एरवी तिला इकडं आणतो कोण? आमच्या मिस्त्रींनी यावर शास्त्रशुद्ध तोडगा काढला आहे. ऑइलचे डबे ते शुक्रवारी आणून ठेवतात, शनिवारी गाडीत ओततात आणि पैसे रविवारी घेतात. "विकत कुठं घेतलं भाऊ तुम्ही? माझ्याकडं होतं, तुमच्यात ओतलं," असं वर समजावतात. शनीचा हिशेब चोख असतो म्हणतात. मिस्त्रींचाही असतो, रविवार ते विसरत नाहीत.

शिंगणापूरचं वर्णन करताना लोक सांगतात, इथं देव आहे पण देऊळ नाही, घर आहे पण दार नाही, झाड आहे पण सावली नाही. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांची काळी शिळा ऊन-पाऊस अंगावर घेत उभी आहे. या यादीत माझ्या ट्रॅक्समुळं एकाची भर पडते: गाडी आहे पण किल्ली नाही. म्हणजे किल्ली आहे, पण तीच लागते असं नाही. कपाटाची चावीही चालते, घाई असेल तर स्क्रू-ड्रायव्हरही. गाडी कुणी नेईल ही भीती मला कधी वाटली नाही. नेणाऱ्याला ती सकाळच्या थंडीत सुरू करता आली पाहिजे, हे तिचं खरं कुलूप.

शनी अमावास्येला इथला वाहनतळ म्हणजे डिझेल इंजिनांचं संमेलनच. ट्रॅक्स, सुमो, कमांडर, एखादी म्हातारी इंडिका. एकाचं बॉनेट उघडलं की ओळख ना पाळख अशी चार माणसं भोवती जमतात आणि पहिला प्रश्न येतो, "इंजिन कुठलंय?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जुन्या गाडीचं बाहेरचं नाव आणि आतलं इंजिन यांचं नातं कधीकधी कागदापुरतंच उरलेलं असतं. कुणाचं तरी इंजिन कुणात तरी बसलेलं असतं, आणि आरटीओसमोर उभं राहण्याआधी मालक ग्रीस खरवडून, कागद धरून, पेन्सिल घासून नंबरची छाप काढत बसलेला असतो.

ट्रॅक्सचं इंजिन मर्सिडीजचं आहे म्हटलं की नवा माणूस हसतो. पण ते खरं आहे. १९५८ साली बजाज टेम्पो उभी करणारे नवलमल फिरोदिया आपल्या नगरचे. पुढं या कंपनीनं डाइम्लर-बेंझच्या परवान्यावर ओएम ६१६ हे २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन इथं बनवायला घेतलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. जर्मनीत हेच इंजिन २४० डी नावाच्या टॅक्सीत असे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं १९७६ सालच्या २४० डीवर, मधूनमधून इंजिनं बदलत, ४६ लाख किलोमीटर काढले आणि २००४ मध्ये ती गाडी मर्सिडीजच्या संग्रहालयाला देऊन टाकली. आपल्याकडं त्याच इंजिनानं काळ्या-पिवळीत बसून, फाट्याफाट्यावर थांबून, टपावर गाठोडी आणि मागच्या पायरीवर माणसं घेऊन दिवस काढले. संग्रहालयाला द्यायची वेळ आपल्यावर येत नाही, कारण गाडी कुजली तरी इंजिन तिथून उठतं आणि दुसरीकडं संसार मांडतं.

टाटांची इंजिनं ओळखायला मला मिस्त्रींनीच शिकवलं. "आकडा फोडा भाऊ. पयला आकडा सिलिंडरचा, राहिलेले बोअरचे." ४७५ म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर: इंडिकाचं १४०५ सीसीचं इंजिन. ४८३ म्हणजे सुमोचं. ४९७ टेम्पो-ट्रकात सापडतं आणि ६९७ म्हणजे सहा सिलिंडरांचा थोरला भाऊ. स्वतःबद्दल इतकं सरळ सांगून टाकणारी नावं माणसांनाही ठेवायला हवीत. लग्नं जमवताना बरं पडेल. महिंद्रच्या जुन्या जीपमध्ये इगतपुरीला बनलेलं फ्रेंच प्यूजो निघतं. आणि पुण्याहून शनीला येणारे ज्या रांजणगावात महागणपतीपुढं हात जोडतात, तिथल्याच कारखान्यात फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन बनायचं. ते फियाटमध्ये मल्टिजेट, टाटांकडं क्वाड्राजेट. मारुती तेच परवान्यावर स्वतः बनवून डीडीआयएस म्हणायची. एकाच देवाला गावोगाव वेगळं नाव असतं, तसंच हे. भक्त मात्र आपलाच देव जागृत म्हणून भांडतात.

नाव कळलं म्हणजे इंजिन कळलं असं नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून, आमच्या इंजिनात जवळजवळ एकविसाव्या हिश्शावर आणून, इतकी तापवतात की नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंडीत त्या हवेला जरा ऊब द्यायला हीटर प्लग असतात. जुन्या इंजिनात एवढाच कारभार: हवा, डिझेल आणि दाब. तिघांपैकी कोण रुसलंय ते शोधायला मिस्त्री मीटर लावत नाहीत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नोझलवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग चालू इंजिनातच एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा ढिला करतात. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर इंजिन अडखळतं, तो कामाचा. ज्याचं तोडलं तरी काहीच फरक पडत नाही, बिघाड त्याच्यात. ही तपासणी पाहिल्यापासून मी कुठल्याही बैठकीतून मध्येच उठून बाहेर जायचं टाळतो.

धुराचंही असंच. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर झटका. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रिंगांचा खर्च जवळ आला. सकाळी थोडा वेळ पांढरा आला तर तो न जळलेल्या डिझेलचा, तो माफ. दुपारीही पांढराच येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होऊ लागलं, तर हेड गॅस्केट. गाडी मधेच हुंदके देऊन थांबली तर डिझेलच्या पाइपात हवा शिरली, म्हणजे 'एअर धरली'. नट ढिला करा, हातपंप मारा, बुडबुडे संपून स्वच्छ डिझेल आलं की आवळा. पत्रिकेतली साडेसाती साडेसात वर्षं चालते. ही चहा येईपर्यंत उतरते.

तेलाच्या बाबतीत मात्र देव आणि इंजिन अलीकडं एकाच मताचे झाले आहेत. भेसळीच्या तेलानं शिळेची झीज होते म्हणून २०२५ च्या मार्चपासून शिंगणापुरात अभिषेकाला ब्रँडेड खाद्यतेलच चालेल, असं ठरलं. मिस्त्री हे किती वर्षं सांगत आहेत! त्यावर माझ्या मेव्हण्यानं वेगळंच डोकं लढवलं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे त्यानं कुठंतरी वाचलेलं. "दाजी, मग अभिषेकाचं उरलेलं तेल टाकीत ओतायला काय हरकत?" मिस्त्रींनी त्याच्याकडं न बघता उत्तर दिलं, "देवाला चालतंय. पंप देव नाही." एक फरक मात्र राहतोच. चौथऱ्यावर कितीही तेल वाहिलं तरी कुणी पुरे म्हणत नाही. इंजिनात डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढं भक्ती चालत नाही. जास्त झालेलं ऑइल क्रॅंक घुसळून काढतो, फेस होतो आणि सीलमधून प्रसाद बाहेर येतो.

हा मेव्हणा नव्या गाडीचा मालक. त्याचं बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि इंजिन त्याच्याखाली पडदानशीन. आतल्या संगणकाला काय दुखतंय ते तो स्कॅनरलाच सांगतो, मिस्त्रींना नाही. मला त्यावरून आमच्या बँकेची आठवण होते. २०११ च्या जानेवारीत युको बँकेनं इथं बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभर कौतुक झालं. दार आहे, पण काचेचं. त्याला डोळ्यांना न दिसणारं, विजेवर चालणारं चुंबकी कुलूप असल्याचं पुढं छापूनही आलं. नवी गाडी तशीच: कुलूप दिसत नाही, पण उघडतही नाही.

म्हणून जुनं ते सोनं म्हणायला मी बसलेलो नाही. माझी ट्रॅक्स चढ चढताना मागं जे सोडते ते सोनं नव्हे, आणि मागच्या दुचाकीवाल्याचे शब्द मला आरशात वाचता येतात. नव्या गाडीचा धूर कमी, आवाज कमी, डिझेल कमी. गावानंही वेळ पाहून पाऊल टाकलं आहे. २०१५ मध्ये इथं पोलीस ठाणं आलं. पण दार नसलेल्या घराबद्दल बाहेरच्यांचा एक गैरसमज असतो, की इथं लोक निर्धास्त झोपतात. शनी बघतोय या विश्वासावर झोपतात हे खरं. पण कुत्रं शिरू नये म्हणून फळी लावतात आणि पावलाच्या आवाजावरून आलेला माणूस ओळखतात. दार नसलं की कान तयार होतात. जुन्या इंजिनाचं तेच आहे. सूचना देणारा दिवा नाही, म्हणून रोज डिपस्टिक ओढावी लागते, पाणी बघावं लागतं, पहिल्या सुरुवातीचा आवाज ऐकावा लागतो. मेव्हणा विचारतो, "दाजी, तुम्हाला गाडी चालवायचीये का सांभाळायचीये?" त्याला वाटतं ही दोन कामं वेगळी आहेत.

नुकतंच गाडीचं पासिंग झालं. नंबर जुळला, धूर मर्यादेत निघाला, पाच वर्षांची मुदत मिळाली. शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, म्हणजे ही बरोबर दोन राशींची सोय. तोवर मेव्हण्याच्या गाडीची वॉरंटी संपलेली असेल. मग दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून बघू.